पहिल्या पावसाची साक्ष



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातून, सार्वजनिक वाचनालयातून आणि गेटसभेत मिळालेल्या उलट उत्तरांतून. तेव्हा मी आज जो इतिहास सांगणार आहे, तो राजांचा नाही, लढायांचाही नाही. कारखान्याच्या आवारातून वाहून जाणाऱ्या पावसाच्या पाण्याचा तो इतिहास आहे. विषय रुक्ष वाटेल, पण थोडा धीर धरावा.

प्रथम घरचीच गोष्ट सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मृगाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर आमच्या युनियनचा एक जुना सभासद ओल्या अंगानेच कचेरीत आला. त्याच्या हातात सरबताची एक रिकामी बाटली होती, आणि तिच्यात हिरवट-पिवळे पाणी होते. तो म्हणाला, "भाऊ, आमच्या खात्यामागच्या नाल्याचं पाणी आहे हे. आमच्या वस्तीच्या विहिरीकडंच जातं." मी ती बाटली मोठ्या अभिमानाने कपाटावर ठेवली. अधिकारी तपासणीला आले ते दसऱ्यानंतर. तोवर चार महिन्यांच्या पावसाने नाला स्वच्छ धुऊन निघाला होता. मी बाटली पुढे केली. साहेबांनी विचारले, "कोणत्या तारखेचं पाणी? किती वाजता घेतलं? कोणत्या जागेवरून? बाटली आधी धुतली होती का?" एकाही प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. साहेबांचे चुकले नव्हते, चूक माझी होती. त्या सभासदाने त्यानंतर मला काही बोल लावला नाही, पण पुन्हा बाटलीही आणली नाही.

ती बोच मनात राहिली, म्हणून अशा पाण्याचा हिशेब जगात इतरत्र कसा ठेवला गेला हे मी वाचू लागलो. त्या वाचनात एक जागा मला भेटली. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या वायव्येस सिमी नावाच्या टेकड्या आहेत. तेथे सुमारे २,८५० एकरांवर सांता सुसाना नावाची प्रयोगशाळा १९४७ साली उभी राहिली. प्रयोगशाळा म्हणजे काचेच्या नळ्यांची खोली नव्हे. तेथे अग्निबाणांची इंजिने उघड्या माळावर पेटवून पाहत. लष्करी क्षेपणास्त्रांसाठी आणि पुढे चंद्राकडे गेलेल्या अपोलो मोहिमांसाठी लागलेल्या इंजिनांच्या चाचण्या तेथे झाल्या. आवाराच्या एका भागात अणुभट्ट्याही चालत. १९५७ साली तेथल्या एका भट्टीतून जवळच्या मूरपार्क गावाला वीज मिळाली, तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले. १९५९ च्या जुलैत त्याच भट्टीतील ४३ पैकी १३ इंधनसंच खराब झाले. ही हकिगत लोकांपुढे नीट आली ती १९७९ साली, म्हणजे वीस वर्षांनी.

इंजिने धुवायला ट्रायक्लोरोएथिलीन नावाचे द्रावण वापरीत, आणि ते जमिनीत मुरे. निकामी सोडियम आणि त्याने बरबटलेली सामग्री खड्ड्यांत टाकून जाळीत. शिशासारखे धातू, जळण्यातून निर्माण होणारी डायॉक्सिनसारखी विषे, अग्निबाणाच्या इंधनातील क्षार, हे सारे मातीत बसले. ही जागा टेकडीच्या माथ्यावर आहे. तिच्या दक्षिण उतारावरचे पाणी बेल ओढ्यातून लॉस एंजेलिस नदीला मिळते, तर उत्तर उतारावरचे सिमी खोऱ्याकडे जाते. म्हणजे काम डोंगरावर चाले आणि त्याचा हिशेब खालच्या वस्तीत उतरे.

आता पावसाच्या पाण्याचेच एवढे काय, असे कोणी विचारील. गावाकडे पहिल्या पावसाचे पन्हाळीचे पाणी आपण पिण्यासाठी धरीत नाही. कौलांवर आठ महिने साचलेली धूळ आणि पक्ष्यांची घाण त्यात उतरते, हे आजीला शाळेत न जाताही ठाऊक असते. कारखान्याचे छप्पर, अंगण, भंगाराचा ढीग यांचेही तसेच आहे. लॉस एंजेलिसला वर्षाकाठी सरासरी चौदा-पंधरा इंच पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक हिवाळ्यात. बाकीचे महिने कोरडे जातात. त्या कोरड्या महिन्यांची सारी धूळ पहिल्या सरी खाली आणतात.

अमेरिकन कायद्याला मात्र हे शहाणपण उशिरा सुचले. १९७२ च्या कायद्याने कारखान्याच्या नळातून नदीत पडणाऱ्या पाण्याला परवाना लागू लागला. पण नळ बंद ठेवला तरी पाऊस थांबत नाही. औद्योगिक आवारातून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यासाठी स्पष्ट तरतूद झाली ती १९८७ च्या दुरुस्तीने, आणि तिचे तपशीलवार नियम आले १९९० साली. ते नियम वाचताना मला माझी सरबताची बाटली आठवली. परवान्याच्या अर्जासाठी नमुना घ्यावयाचा तो ०.१ इंचाहून अधिक पडलेल्या पावसाचा. त्याआधी ७२ तास तसा पाऊस पडलेला नसावा. आणि पाणी वाहू लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात बाटली भरावी. म्हणजे पाऊस रात्रपाळीत आला तर कोणीतरी रात्रपाळीतच नाल्यावर उभे राहिले पाहिजे. शिवाय बाटली मुद्दाम स्वच्छ केलेली हवी, ती थंड ठेवावयास हवी, आणि ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची तारीखवेळेसह सही हवी. साहेबांनी मला विचारलेले सगळे प्रश्न त्यात होते.

सांता सुसानाच्या घळींच्या तोंडाशी क्रमांक घातलेली ठिकाणे ठरली आणि तेथे पाणी तपासले जाऊ लागले. मर्यादा किती कडक, ते पाहा. शिसे एका लिटरमागे ५.२ मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल. डायॉक्सिनची मर्यादा तर त्याहून कितीतरी बारीक आहे. एका ग्रॅमचे एक अब्ज भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक लाख भाग करा. लिटरभर पाण्यात असे जेमतेम तीन भाग चालतील. ऑक्टोबर २००४ ते जानेवारी २००६ या काळात परवान्याचे ७९ भंग झाल्याचे त्या भागातील पाणी मंडळाच्या नोंदीत निघाले. २००७ साली मंडळाच्या अधिकाऱ्यांनी बोइंग कंपनीला ४,७१,१९० डॉलर दंडाचा प्रस्ताव मांडला. १९९६ सालापासून या जागेचा बहुतेक भाग बोइंगकडे आहे.

येथे कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी गेटसभेतच बोलतो आहे असे होईल. २००५ साली त्या टेकड्यांवर मोठा वणवा पेटला होता. कंपनीचे म्हणणे असे की, धातू मातीत मूळचेच असतात आणि जळलेल्या रानाच्या राखेतही डायॉक्सिन असते. यात तथ्य आहे. पण कारखान्याचा वाटा किती आणि राखेचा किती, हे ठरवायचे तर वणव्यापूर्वीचे आणि कारखान्याबाहेरच्या रानाचे आकडे हातात असावे लागतात. जेथे आधीची वही कोरी, तेथे नंतरचा वाद मिटत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात पुन्हा वणवा आला आणि आवाराचा सुमारे चार-पंचमांश भाग जळाला. तोच वाद पुन्हा उभा राहिला.

तरीही मोजणीचा उपयोग झाला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. आकडे वारंवार मर्यादेबाहेर जाऊ लागले, तेव्हा २००८ च्या अखेरीस दोन घळींच्या वरच्या अंगाची दूषित माती उचलण्याचा हुकूम निघाला. पाणी अडविणारी आणि गाळणारी साधने बसली. मात्र साऱ्या जागेची साफसफाई २०१७ पर्यंत व्हावी असे २००७ साली ठरले होते, ती मुदत टळून गेली. आकडा माणसाला हलवू शकतो, पण त्याच्या जागी काम करीत नाही.

कामगारांच्या बाबतीतही हेच घडले. तेथल्या कामगारांपैकी किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे बिल्ले ज्यांच्या अंगावर असत, त्यांच्या नोंदी उरल्या होत्या. त्यांच्या आधारे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ साली दाखविले की, जास्त मात्रा घेतलेल्यांत कर्करोगाने मरणाचे प्रमाण अधिक होते. पुढे २००५ साली कंपनी आणि मोटार कामगारांची युनियन यांनी मिळून करविलेल्या अभ्यासाने उलट निष्कर्ष काढला. युनियनचा माणूस म्हणून मला हे सांगणे सोपे जात नाही. पण विद्वानांना निदान भांडता तरी आले, कारण बिल्ल्यांच्या नोंदी होत्या. बिल्ला न घालता जो खड्ड्यापाशी राबला, त्याच्याबद्दल कोण काय सांगणार?

आपल्याकडे महाराष्ट्राने १९६९ सालीच जलप्रदूषण रोखण्याचा कायदा केला आणि १९७० साली मंडळ स्थापन झाले. १९७४ चा केंद्रीय कायदा त्यानंतरचा. त्या केंद्रीय कायद्यात नमुना घेण्याची रीत लिहून ठेवली आहे. मालकाला नोटीस द्यावी, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावे, ते सीलबंद करून त्यांवर सही घ्यावी. रीत चांगली आहे, पण त्या रीतीत नाल्याकाठी राहणारा कोठे उभा नाही. आणि तपासणीच्या तारखा मृगाचा पाऊस पाहून ठरत नाहीत.

म्हणून आम्ही काय केले, तेवढे सांगून थांबतो. युनियनच्या कचेरीत आम्ही एक साधी शंभर पानी वही ठेवली. पहिल्या पावसाला त्या पाळीतले दोन सभासद फाटकाबाहेरच्या नाल्यावर जातात. तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, वास, बाटली कोणी भरली आणि कोणी पाहिली, एवढे लिहून दोघेही सही करतात. बाटली त्याच दिवशी तपासणीसाठी पोचवितात. प्रत्येक वर्षी काही निघतेच असे नाही, आणि ज्या वर्षी काही निघत नाही तेही आम्ही लिहून ठेवतो. कारण उद्या कोणी विचारले की हे पाणी पूर्वी कसे होते, तर तोच आमचा पुरावा.

पहिल्या वर्षी पहिली सही कोणी करायची असा प्रश्न निघाला. मी त्या जुन्या सभासदाच्या घरी गेलो. तोवर तो निवृत्त झाला होता. मी वही पुढे केली, तेव्हा त्याने चष्मा पुसला आणि विचारले, "भाऊ, वेळ कुठं लिहायची?"