दर्यावरचा वारा मोजताना

बेभरवशाच्या गोष्टीला आपण ‘वाऱ्यावरची वरात’ म्हणतो. समुद्रावरील पवनऊर्जेचा इतिहास वाचताना मला मात्र हा बेभरवसा मोजण्याचीच धडपड दिसली.

१८०६ च्या जानेवारीत ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफोर्टने रोजनिशीत वाऱ्याच्या जोराची प्रतवारी लिहिली. पुढे तिला जहाज किती शिडे पेलते, याची जोड मिळाली. खलाशाला तेवढे पुरे होते. वीज करणाऱ्याला पुरत नाही. कारण वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला ७ मीटरऐवजी ८ मीटर वेग असेल, तर ती जवळपास दीडपट होते. मोजणीतली मीटरभर चूकही सारा हिशेब बुडवू शकते.

जगातील पहिले सागरी पवनऊर्जा केंद्र १९९१ मध्ये डेन्मार्कमध्ये विंडेबी येथे उभे राहिले. प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या ११ पवनचक्क्या. सुमारे २५ वर्षांत त्यांनी २४ कोटी ३० लाख युनिट वीज दिली. मी हिशेब मांडून पाहिला : त्या अखंड पूर्ण क्षमतेने फिरत्या, तर साधारण साडेचारपट वीज मिळती.

आपल्याकडे गुजरात व तमिळनाडूच्या समुद्रासाठी ७० गिगावॅटचा प्राथमिक अंदाज सांगितला जातो. तो क्षमतेचा आहे, हाती येणाऱ्या विजेचा नव्हे. खंबातच्या आखातात २०१७ मध्ये लेसर किरणांनी वारा मोजणारे लिडार यंत्र बसले. त्या मोठ्या आकड्यापेक्षा या यंत्राच्या रोजच्या नोंदी मला अधिक मोलाच्या वाटतात. विंडेबीचा हिशेब हेच सांगतो.