कापसाची वाट



यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा समोर घेतला, म्हणजे पूर्वेकडची वर्धा आणि दक्षिणेकडची पैनगंगा या दोन नद्या प्रथम डोळ्यांत भरतात. मध्यें डोंगरांच्या ओळी व त्यांच्या पायथ्याशीं कापसाची काळी जमीन. उन्हाळ्यांत भेगाळणारी हीच माती पावसाळ्यांत बैलगाडीचें चाक आंसापर्यंत गिळते. येथील दळणवळणाचा इतिहास म्हणजे या चिखलाशीं चाललेला झगडाच होय.

रेल्वेपूर्वीं धान्य व मीठ बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवरून नेत. त्यांना सडक लागत नसे; पाऊलवाट पुरे होई. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजी कारभाराखालीं आलें. पुढें १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टि हिंदी कापसाकडे वळली. १८६७ सालीं मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोंचला; परंतु तो मूर्तिजापूर, बडनेरा, वर्धा असा उत्तरेकडून गेला. यवतमाळ बाजूलाच राहिलें.

ही उणीव विसाव्या शतकाच्या आरंभीं किलिक निक्सन कंपनीच्या चिमुकल्या रेल्वेनें भरून काढली. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूरला जाणारा हा मार्ग सुमारें ११३ किलोमीटरांचा; रुळांमधील अंतर अवघें अडीच फूट. लोकांनीं लाडानें तिला ‘शकुंतला’ म्हटलें. १९२१ सालीं मँचेस्टरला तयार झालेलें वाफेचें इंजिन १९९४ पर्यंत तिला ओढीत होतें!

परंतु या मार्गाची दिशा पाहा. तो शेतापासून मुंबईच्या धक्क्याकडे जातो. पुसद-उमरखेडच्या माणसाला वणीस जावयाचें असल्यास त्याचा कांहीं उपयोग नव्हता. वाट मिळाली ती कापसाच्या गांठीला. माणूस तिच्या मागोमाग बसला. तरीहि गरिबाला तीच गाडी परवडे, आणि ती बंद पडल्याची हळहळ त्यालाच अधिक वाटते.

आतां वर्धा-यवतमाळ-नांदेड हा रुंद मार्ग होत आहे. त्यांतील वर्धा ते कळंब हा भाग २०२४ सालीं सुरू झाला. हा मार्ग जिल्हा ओलांडून दक्षिणेस जाणार आहे. तो कापूस लवकर नेईल यांत शंका नाहीं. पण परतीच्या गाडींतून शेतकऱ्याच्या घरीं काय येईल, हा प्रश्न आपण विचारीत राहिलें पाहिजे. रस्त्याची खरी परीक्षा तीच.