चेहरा, अंतर आणि इजाजत

उर्दूतला ‘कमरा’ आणि सगळीकडे रुळलेला ‘कॅमेरा’ हे दोन्ही शब्द एकाच मुळातून आले आहेत. खोलीसाठी असलेला लॅटिन शब्द पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे ‘कमरा’ झाला, आणि फोटोच्या पेटीलाही तेच नाव मिळाले. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल्-हैसम या विद्वानाने अकराव्या शतकात केला होता, हे आपण अभिमानाने सांगतो. त्या पेटीचा पुढचा इतिहास मात्र आपल्यात फारसा बोलला जात नाही. माणसाच्या चेहऱ्याच्या किती जवळ जायचे आणि कसे, हा त्या इतिहासातला मोठा प्रश्न आहे.

३५ मिलिमीटर फिल्मचा लायका कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. १९३२ मध्ये त्याला भिंगाशी जोडलेला रेंजफाइंडर मिळाला. खिडकीतून पाहिले की एकाच माणसाच्या दोन प्रतिमा दिसत; भिंग फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस जुळला. कॅमेरा लहान, आवाज अगदी कमी. पण पाहण्याची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारे भिंग वेगळे. दूरच्या दृश्यात हा फरक कळत नाही. चेहऱ्याजवळ गेले की चौकट सरकते आणि कपाळ कापले जाण्याची भीती असते. शिवाय बहुतेक रेंजफाइंडर एक मीटरच्या फारसे अलीकडे फोकस होत नसत. ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या भिंगातून एक मीटरवरून सुमारे ७० बाय ४५ सेंटिमीटरचा भाग फिल्मवर येतो. म्हणजे छातीपर्यंतचा माणूस येतो, नुसता चेहरा नाही. लांब भिंग लावले तर खिडकीतली चौकट लहान होते आणि फोकसची चूक जास्त उघडी पडते.

ही अडचण एस.एल.आर. कॅमेऱ्याने दूर केली. त्यात भिंगामागे आरसा असतो, म्हणून भिंगाला दिसते तेच डोळ्याला दिसते. जर्मनीत किने एक्झाक्टा १९३६ साली आला. १९४९ च्या काँटॅक्स एसमध्ये प्रिझम बसले आणि डोळ्याला लावून सरळ चित्र दिसू लागले. १९५४ मध्ये जपानच्या असाहिफ्लेक्सचा आरसा फोटो निघताच आपोआप खाली येऊ लागला. १९५९ च्या निकॉन एफनंतर वृत्तपत्रांचे छायाचित्रकार मोठ्या संख्येने इकडे वळले. एक उणीव राहिली. फोटो निघतो त्या क्षणी आरसा वर जातो आणि समोर अंधार होतो. समोरच्याची पापणी मिटली की नाही, हे रेंजफाइंडरवाल्याला दिसते, एस.एल.आर.वाल्याला दिसत नाही.

चेहऱ्याची ठेवण भिंगापेक्षा अंतरावर अवलंबून असते, हेही समजून घ्यावे. अर्ध्या मीटरवरून फोटो काढला तर नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात. मोबाइल हात लांब करून धरला की आज आपण हेच पाहतो. दीड मीटरवरून नाकडोळे प्रमाणात राहतात. मग चेहऱ्याने चौकट भरायला ८५ ते १०५ मिलिमीटरचे भिंग लागते. म्हणजे एस.एल.आर.ची खरी ताकद जवळ जाण्यात नाही. दूर उभे राहून चेहरा जवळ आणण्यात ती आहे. आणि इथेच अदबीचा प्रश्न येतो.

१९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅकरी यांनी शरबत गुला या अफगाण मुलीचा फोटो काढला. कॅमेरा निकॉन एफएम२, भिंग १०५ मिलिमीटरचे. जून १९८५ मध्ये तो ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गेला. ते हिरवे डोळे कोट्यवधी लोकांनी पाहिले. तिने स्वतः तो फोटो २००२ साली, तिचा शोध लागल्यावर पाहिला. २०१६ मध्ये तिलाच बनावट ओळखपत्राच्या आरोपावरून पाकिस्तानात अटक झाली. चेहरा जगाच्या ओळखीचा आणि बाई मात्र कागदावाचून अनोळखी! तांत्रिक बाजूने त्या फोटोत दोष काढणे कठीण आहे. पण तो कोणाचा, हा प्रश्न कॅमेरा सोडवत नाही.

आमच्या बारामती-इंदापूर भागात असे कॅमेरे घरोघरी नव्हते. फोटो म्हणजे स्टुडिओ, मागे रंगवलेला पडदा, आणि पायापासून डोक्यापर्यंत ताठ उभे कुटुंब. नमाजाच्या खोलीत तसवीर लावायची नाही म्हणून अनेक घरांत तो फोटोही पेटीत राहिला. १९९३ पासून मतदार ओळखपत्रे आली, कोणी हजला जाण्यासाठी पासपोर्ट काढला, आणि कित्येक दादी-नानींचा जवळून काढलेला तेवढाच एक फोटो झाला. त्यांच्या इंतकालनंतर मुले तोच मोठा करून घेतात. दफ्तराच्या कामासाठी काढलेल्या त्या फोटोत दादी घाबरलेली असते.

इंदापूर तालुक्यात भिगवणजवळ उजनीच्या पाण्यावर दरसाल रोहित पक्षी येतात. लांब भिंगे घेऊन लोक होड्यांतून फिरतात आणि चोचीचा वाक अन् वाक टिपतात. हा छंद चांगला आहे. पण १९८० मध्ये पूर्ण झालेल्या याच धरणात ज्यांची गावे आणि शेते गेली, त्या पिढीचे चेहरे असे निवांतपणे किती जणांनी टिपले? ती पिढी आता उठत चालली आहे.

म्हणून निवड आम्ही अशी करू. माणूस त्याच्या कामासकट हवा असेल, शिलाई मशीनवरचे चाचा किंवा मक्तबमधले मौलवीसाहेब, तर रेंजफाइंडर पुरेसा आहे. तो गुपचूप काम करतो आणि आजूबाजूची खोलीही फोटोत घेतो. सुरकुत्यांसकट चेहराच हवा असेल तर एस.एल.आर. आणि ९०-१०५चे भिंग घ्यावे. हातात नुसता मोबाइल असला तर दोन पावले मागे सरकून झूम करावा. कॅमेरा कोणताही असो, आधी इजाजत मागावी. ‘नको’ म्हटले तर सलाम करून उठावे. ‘हो’ म्हटले तर प्रत त्यांना नेऊन द्यावी, आणि मागे नाव, गाव व साल लिहावे.