‘अनुवाद’ नावाचा ग्रंथ

मराठी बायबलच्या अनुक्रमणिकेत उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना या नावांनंतर पाचवे नाव येते: अनुवाद. नवा वाचक इथे हमखास अडखळतो. हा अनुवाद कशाचा, आणि कोणत्या भाषेतून केलेला? तोराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांच्या संचातल्या, या शेवटच्या ग्रंथात शिरायला त्याच्या नावाइतकी चांगली वाट नाही.

ज्यू परंपरेत तोराचे ग्रंथ आरंभीच्या शब्दांवरून ओळखले जातात. ‘ही ती वचने’ अशा अर्थाची सुरुवात असल्याने या ग्रंथाचे हिब्रू नाव ‘देवारीम’, म्हणजे वचने. ते चपखल आहे. यार्देन नदीच्या पूर्वेला, मवाबच्या मैदानात, मोशे इस्राएली लोकांशी बोलतो आहे. ३४ अध्यायांचा बहुतेक भाग त्याच्या भाषणांनीच व्यापला आहे. मिसरातून निघालेली पिढी रानात संपली, समोर उभी आहेत ती त्यांची मुले. मोशेला स्वतःला नदी ओलांडता येणार नाही.

ग्रीक नाव वेगळ्या वाटेने आले. सतराव्या अध्यायात नियम आहे की राजाने गादीवर बसल्यावर या नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी. नकलेसाठी तिथे ‘मिश्ने’ हा हिब्रू शब्द आहे आणि त्याच्या धातूत ‘दुसरे’ व ‘पुन्हा करणे’ असे दोन्ही अर्थ नांदतात. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या ग्रीक भाषांतरात तिथे ‘द्युतेरोनोमियोन’, म्हणजे दुसरे नियमशास्त्र, असा शब्द आला. पुढे तेच ग्रंथाचे नाव झाले आणि लॅटिनमार्गे युरोपभर पोचले. ही निव्वळ चूक म्हणून मोडीत काढणे मला पटत नाही, कारण ज्यूंमध्येही ‘मिश्ने तोरा’ हे या ग्रंथाचे जुने नाव आहे. मात्र ‘दुसरे’ म्हटले की एखाद्या वेगळ्याच कायद्याचा भास होतो, आणि ग्रंथाचा रोख तो नाही.

इथे मराठी नाव फार मोलाचे ठरते. आज आपण अनुवाद म्हणजे भाषांतर समजतो. संस्कृत शास्त्रांत त्याचा अर्थ आधी सांगितलेले पुन्हा सांगणे. न्यायसूत्रे अनुवाद आणि पुनरुक्ती यांत भेद करतात: पुनरुक्ती निष्कारण असते, अनुवादाला प्रयोजन असते. हा भेद मनात धरून शब्बाथाची, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाची, आज्ञा पाहा. निर्गमात विश्रांतीचे कारण सृष्टी: देवाने सहा दिवसांत जग घडवले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादात आज्ञा तीच, पण दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, अशी भर पडते. आणि कारण येते ते मिसरातल्या गुलामीचे. तूही तिथे दास होतास, हे आठव. ज्यांच्यातल्या बहुतेकांनी ती गुलामी भोगली नाही, त्या मुलांना हे सांगितले जात आहे. पुन्हा सांगण्याचे प्रयोजन याहून स्पष्ट काय असेल?

महाराष्ट्राशीही या ग्रंथाचे नाते आहे. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंच्या घरांच्या दारावर जी मेझुझा लावतात, तिच्यातल्या चर्मपत्रावर याच ग्रंथाच्या सहाव्या आणि अकराव्या अध्यायांतली वचने असतात.

ग्रंथ कधी आणि कोणी रचला, यहूदाच्या योशीया राजाच्या काळी यरुशलेमच्या मंदिरात सापडलेले नियमशास्त्र हेच का, यावर १८०५ साली बायबलचे अभ्यासक डी वेट्टे यांनी मांडणी केल्यापासून वाद चालू आहे. नव्या वाचकाने त्याची घाई करू नये. आधी पाचवा अध्याय वाचावा आणि शेजारी निर्गमाचा विसावा अध्याय उघडा ठेवावा.