जखमी पक्षी घरात किती तास ठेवावा?

संक्रांतीला येवल्यात मांजा गुंडाळायच्या आसाऱ्या फिरू लागतात आणि नाशिकच्या गच्च्यांवर पतंगांची काटाकाटी रंगते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातोच. हा धागा लवकर कुजत नाही. सण सरल्यावरही झाडांत लोंबकळून पक्षी कापत राहतो. रक्ताळलेली घार किंवा गव्हाणी घुबड गॅलरीत येऊन पडते, घरचे मायेने धावतात, आणि पुष्कळदा ही मायाच त्याच्या जिवावर बेतते.

कारण त्याच्या शरीररचनेत आहे. पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच हवेच्या पिशव्या भरतात. निसटू नये म्हणून छाती आवळून धरली की त्याचा श्वासच थांबतो. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी असते, म्हणून ड्रॉपरने ओतलेले पाणी फुफ्फुसात जाऊ शकते. दूध त्याला पचत नाही. मांजाची जखम फार फसवी असते. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला पातळ कातडी ताणलेली असते आणि तिच्यात एक स्नायुबंध असतो. वरून बोटभर चीर दिसते, रक्तही थांबलेले असते, पक्षी चालतो-खातो. पण तो बंध तुटला असेल तर उडणे संपले. हळद भरून तो जुळत नाही.

म्हणून घराने करायचे ते थोडेच: भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाला सुती कापड, ऊब, अंधार, शांतता. गुंतलेला मांजा ओढू नये, कात्रीने कापावा. मुलांना दाखवायला खोका सारखा उघडू नये. त्या पक्ष्याच्या लेखी माणूस शिकारीच असतो. मग वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन. नाशिककरांसाठी म्हसरूळला वन्यप्राणी उपचार केंद्र आहे. वन्यजीव कायद्यानुसार ताब्यात आलेल्या वन्यप्राण्याची खबर 48 तासांत द्यावी लागते. माझ्या मते तेवढेही थांबू नये. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्यांवरच्या लांब चोचीच्या गिधाडाचे उदाहरण घ्या. मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने ही जात अतिसंकटग्रस्त केली. जनावरांसाठी ते 2006 मध्ये बंद झाले. जोडी वर्षाला एकच अंडे घालते. तिथे एक प्रौढ पक्षी गेल्याची भरपाई व्हायला कित्येक वर्षे लागतात.

परदेशी पक्ष्याचे गणित उलटे. खिडकीत आलेला कॉकटील किंवा बजेरिगर पिंजऱ्यात जन्मलेला असतो. दया येऊन त्याला आकाशात सोडणे म्हणजे उपाशी मारणे. त्याला घरच हवे, पण त्याच्या गरजा ओळखणारे. नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पोपटवर्गीय पक्ष्यांना अ-जीवनसत्त्व कमी पडते. नॉनस्टिक तवा अति तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावतो.

आपला देशी पोपट मात्र या वर्गात बसत नाही. तो घरी पाळणे गुन्हा आहे. संकटग्रस्त आफ्रिकन ग्रे हा परदेशी पोपट ज्यांच्याकडे आहे, त्यांना 2024 च्या नियमांनुसार परिवेश पोर्टलवर नोंदणी बंधनकारक आहे. हा पक्षी चाळीस-पन्नास वर्षेही जगतो. मालक पन्नाशीपुढचा असेल, तर आपल्यामागे त्याला कोण सांभाळणार, हे त्याने आजच घरात बोलून ठेवावे आणि त्या माणसाला पक्ष्याची सवय लावायला लागावे.