ऑर्गनच्या तळघरातलं विमान

विमान चालवायला शिकवणारं पहिलं खऱ्या अर्थानं चाललेलं यंत्र अमेरिकेत, एका ऑर्गनच्या कारखान्याच्या तळघरात, ऑर्गनचेच भाते लावून तयार झालं. हे वाचल्यापासून मी दुधनीत भेटेल त्याला ते सांगत सुटलो आहे. तुरीचा भाव बघायला अडतीवर आलेला माणूस ऐकून घेतो, मान डोलावतो आणि उठतो. मनापासून ऐकणारा एकच मिळाला. आमच्या गल्लीतला हा मुलगा बारामतीला विमान शिकतो आणि सुट्टीत आला की घरच्या कॉम्प्युटरवर सराव करतो. पडद्यावर तो मुद्दाम ढग तीनशे फुटांवर आणून ठेवतो. बाहेर दिसतो फक्त करडा रंग. मग क्षितिज, वेग, उंची, दिशा अशी एकेका तबकडीवरून नजर फिरवत, धावपट्टीची वाट दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेचे, म्हणजे आयएलएसचे, दोन काटे मध्यावर धरत तो हैदराबादच्या धावपट्टीकडे उतरतो. दोनशे फुटांवर दिवे दिसले तर उतरायचं, नाहीतर पुन्हा वर. त्याची आई म्हणते, "गेम खेळतोय." या 'गेम'ची कुळकथा पार संगीत नाटकाच्या खड्ड्यापर्यंत जाते, असं माझं म्हणणं आहे.

माणूस एडविन लिंक, गाव न्यूयॉर्क राज्यातलं बिंगहॅम्टन. वडिलांचा धंदा आपोआप वाजणारे पियानो आणि थिएटरचे ऑर्गन बनवण्याचा. पोराला विमानाचं वेड, पण शिकवणीचा तास परवडण्यातला नव्हता. १९२७ ते १९२९ या काळात त्यानं कारखान्यातलं सामान जमवून लाकडी विमान उभं केलं. खाली चार भाते. दांडी डावीकडे झुकवली की डावीकडचा भाता मिटतो, उजवीकडचा फुगतो आणि अख्खी पेटी कलते. गोल वळण्यासाठी दहा छोट्या भात्यांची मोटर, तीही पियानोच्या कागदी गुंडाळीला फिरवणाऱ्या मोटरीच्या घडणीची.

इथवर सगळे सांगतात. पुढचं मी सांगतो, कारण ते इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या लक्षात येणं कठीण. आपल्याकडे भाता म्हटलं की पेटी डोळ्यांपुढे येते. इथल्या मठातल्या भजनाची असो की अक्कलकोटच्या उत्सवातली. ही पेटी हवा ढकलते. दबेन यानं पॅरिसमध्ये १८४२ साली हार्मोनियमचं पेटंट घेतलं तेव्हाही ती ढकलतच होती आणि १८७५ साली कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी पायाचा भाता काढून हाताचा बसवला तेव्हाही. लिंकच्या पेटीतला पंप मात्र हवा ढकलत नाही, ओढतो. झडप उघडली की भात्यातली हवा खेचली जाते आणि तो मिटतो. म्हणजे विमानाचं हे यंत्र आपल्या पेटीच्या घराण्यातलं नव्हे. ते मराठी रंगभूमीवरच्या ऑर्गनच्या घराण्यातलं. गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे जो वाजवत, पुढे गोविंदराव पटवर्धनांची बोटं ज्याच्यावरून फिरली, तो पायपेटीसारखा दिसणारा ऑर्गन अमेरिकी पद्धतीचा. त्याचा भाता हवा आत ओढतो आणि ती पट्ट्यांमधून शिरताना सूर निघतो. तो सूर पेटीपेक्षा गोल आणि मऊ लागतो. ओढून घेण्याची ही युक्ती पॅरिसच्या कारखान्यातल्या एका कारागिराला सुचली आणि तो ती घेऊन अमेरिकेला गेला, अशी कथा वाद्यांच्या इतिहासात सांगतात. तिथे मेसन अँड हॅम्लिननं १८६१ च्या सुमारास तिचा धंदा केला. त्याच युक्तीची एक शाखा आपल्या नाटकगृहात आली, दुसरी बिंगहॅम्टनच्या तळघरात उतरली. दोघी सख्ख्या नसतील, चुलत तरी नक्कीच आहेत.

यावर सोलापूरचे एक स्नेही वेगळाच दावा सांगतात. ते चादरीच्या धंद्यातले. त्यांचं म्हणणं असं, की आपोआप वाजणाऱ्या पियानोच्या कागदातली भोकं जकार्डच्या मागावरून आली. जकार्डचा माग १८०१ ते १८०४ मधला आणि सोलापुरी चादरीवरची नक्षी आजही त्याच तत्त्वावर उठते. तेव्हा विमानाचा आजोबा ऑर्गन नव्हे, चादर! दावा ऐकायला गोड आहे आणि त्यात तथ्यही आहे, पण भलत्या ठिकाणी. शिकवणीचं यंत्र खपेना तेव्हा लिंक रात्री जाहिरातीची विमानं उडवी. पंखाखाली दिवे लावलेले असत आणि कोणता दिवा कधी लागायचा हे पियानोच्या भोकांच्या पट्टीनं ठरे. पुढे त्यानं वर एक छोटा ऑर्गनही चढवला, खालच्यांनी मान वर करावी म्हणून. जकार्डची भोकं आकाशात गेली ती अशी, पाव विकायला. शिकवणीच्या पेटीनं पियानोची फुप्फुसं घेतली, त्याची स्मरणशक्ती नाही. तरी स्नेह्यांना मी एक टक्का देऊन टाकतो, कारण रात्रीच्या याच उड्डाणांनी लिंकला बाहेर न बघता तबकड्यांवर उडायची सवय लावली असणार.

फ्रेंचांचा दावा जास्त जोरकस. आंत्वानेत कंपनीकडे १९१० च्या सुमारासच लाकडी पिंपाच्या दोन अर्ध्या भागांचं शिकवणीचं यंत्र होतं. पण त्याला हलवत होती बाजूला उभी असलेली माणसं. आणि मुख्य म्हणजे ते डोळे उघडे ठेवून तोल सांभाळायला शिकवत होतं. ढगातलं उडणं वेगळंच. तिथे आतल्या कानावर भरवसा ठेवता येत नाही. वळण वीसेक सेकंद एकसारखं चालू राहिलं की कान ते विसरतो, आणि सरळ झालात की उलटं वळत असल्याची खात्री देतो. त्या खात्रीवर विश्वास ठेवून कित्येक जण जमिनीत गेले. १९२६ साली अमेरिकी लष्करातल्या विल्यम ओकरनं फिरत्या खुर्चीवर बसून हा धडा घेतला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटलनं बंद झाकणाखाली बसून फक्त तबकड्यांवर उड्डाण केलं आणि उतरून दाखवलं. फ्रान्समध्ये रुझरीनंही १९२८ साली तबकड्यांवरच्या शिकवणीसाठी यंत्राचं पेटंट घेतलं. तारखांचा हिशेब लावला तर रुझरी लिंकच्या पुढे आहे, हे मान्य. पण त्याची खुर्ची हलत नव्हती आणि तिला वंश राहिला नाही. कुळकथेत वंशाला मोल असतं.

लिंकचा वंश चालला तो एका भयंकर हिवाळ्यामुळे. फेब्रुवारी १९३४ मध्ये अमेरिकी सरकारनं टपाल वाहायचं काम लष्कराच्या विमानदलाला दिलं. खराब हवेत तबकड्यांवर उडायची सवय नसलेल्यांचे अपघात सुरू झाले, काही महिन्यांत बारा जण गेले. असं सांगतात की लष्कराचे अधिकारी लिंकची वाट पाहत असताना धुकं दाटलं, कोणी येणार नाही असं त्यांनी धरलं, आणि लिंक त्याच धुक्यातून स्वतः विमान घेऊन उतरला. जूनमध्ये सहा पेट्यांची मागणी आली, दर पेटी ३,५०० डॉलर. महायुद्धात दहा हजारांहून जास्त बनल्या. पेटी निळी, पंख पिवळे, डोक्यावर झाकण. शेजारी टेबलावर गुरू, आणि त्याच्या नकाशावर सरकत शिष्याचा मार्ग शाईनं काढणारं तीन चाकांचं यंत्र. त्याला ते 'खेकडा' म्हणत. आमच्या गल्लीतला मुलगा उतरणं संपल्यावर पडद्यावर आपल्या मार्गाची रेघ उघडून पाहतो, कुठे वाहवत गेलो ते तपासतो. ती रेघ खेकड्याचीच.

पुढची वाट भराभर सांगतो. युद्धानंतर डेमेल या अभियंत्याच्या विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी भाते काढून टाकले. एमआयटीतलं 'व्हर्लविंड' १९४४ साली विमानाची नक्कल करायलाच घेतलं होतं, करता करता ते डिजिटल कॉम्प्युटर होऊन बसलं. विमानाच्या नकलेचा पाय असा कॉम्प्युटरच्या जन्मातही आहे. १९७५ साली इलिनॉय विद्यापीठात ब्रूस आर्टविक यांनी पडद्यावर उड्डाण दाखवण्यावर प्रबंध लिहिला. त्यातून ॲपल टू वरचा फ्लाइट सिम्युलेटर निघाला आणि १९८२ साली तो मायक्रोसॉफ्टच्या नावानं आयबीएमच्या पीसीवर आला. हा खेळ होता आणि नंतर कधीतरी त्याचं शाळेत रूपांतर झालं, असं बहुतेक लिहिणारे मानतात. मला हे पटत नाही. लिंकचं १९३१ चं पेटंटच शिकाऊ वैमानिकांसाठीचं आणि करमणुकीचं, असं दुहेरी यंत्र म्हणून आहे. वैमानिकांनी ते घेतलं नाही तेव्हा त्यानं ते करमणुकीच्या बागांना विकलं, नाणं टाका आणि उडा. जन्मपत्रिकेत दोन्ही ग्रह आहेत. उलट दिशेचा दाखलाही आहे. ऑस्टिन मेयर यांचा तबकड्यांवरचा हात खंड पडल्यामुळे गंजला होता. तो साफ करायला त्यांनी स्वतःसाठी एक प्रोग्रॅम लिहिला, नाव 'आर्चर टू आयएफआर'. त्याचाच १९९५ साली 'एक्स-प्लेन' झाला, आणि आज पोरं त्यावर हवाई बेटं पाहत फिरतात.

घरच्या पडद्यावर तबकड्यांचं उडणं का जमतं, याचं उत्तर मला तरी सरळ वाटतं. ढगात बाहेर काही दिसत नाही, तेव्हा पडद्याच्या गरिबीनं बिघडत नाही. नजर फिरवण्याचा क्रम, पद्धती, होल्डिंगची, म्हणजे उतरायची पाळी येईपर्यंत आकाशात मारायच्या फेऱ्यांची, वळणं, वाऱ्याचा हिशेब हे सगळं खुर्चीत बसून पक्कं होतं. इलिनॉयमध्येच पुढे याची मोजणी झाली. नवी पद्धत पहिल्यांदा शिकताना घरचा पीसी चांगली मदत करतो, आधीच येणारी घोकताना कमी, असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेनं १९९७ साली मान्यताप्राप्त पीसीवरचे दहा तास शिक्षणात धरायला परवानगी दिली. जे शिकवता येत नाही ते म्हणजे कानाचा खोटेपणा. खुर्ची स्थिर, कान शांत. लिंकच्या भात्यांनी तेवढं तरी थोडंफार केलं होतं आणि ते काढून टाकल्याचं मला वाईट वाटतं. त्यात माझा पेटीचा लोभ आहे, हे उघडच आहे.

घराण्याची मालकीही मोठी गमतीची. १९५४ साली लिंक कंपनी जनरल प्रिसिजनकडे गेली, १९६८ साली तिला शिवणयंत्रवाल्या सिंगरनं घेतलं, १९८८ साली कॅनडाच्या सीएईनं. सीएईनं काही वर्षांनी तो भाग विकून टाकला, पण तीच सीएई विमानतळ प्राधिकरणाबरोबर गोंदियात वैमानिक घडवणारी संस्था उभारायला आली. म्हणजे आजीच्या घरातल्या सिंगरच्या मशीनची कंपनी आणि गोंदियाच्या धावपट्टीवरची शाळा या कथेत एकमेकींच्या शेजारणी आहेत.

आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमात तबकड्यांवर उडण्याच्या परवान्यासाठी, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी, चाळीस तास लागतात आणि त्यातले वीसपर्यंत मान्यताप्राप्त सिम्युलेटरवर चालतात. घरच्या कॉम्प्युटरवरचं एक मिनिटही त्यात धरलं जात नाही. मुलगा मात्र हिशेबाचा पक्का. "काका," तो म्हणाला, "तास लिहिले जात नसले तरी बारामतीत विमानात बसल्यावर होल्डिंगमध्ये कसं शिरायचं ते आठवत बसण्यात पैसे जात नाहीत."