ठासणीची बंदूक : जीर्णोद्धार की जतन?

बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा आज कारखान्यांनी व संगणक-कचेऱ्यांनी गजबजलेला आहे. बंगळूर, होसकोटे, कोलार ही ठाणी एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत होती, ही गोष्ट तेथील रहदारीत सहसा कोणास आठवत नाही. याच महादेवपुऱ्यात एका निवृत्त मराठी अधिकाऱ्यांच्या घरी गेल्या खंडेनवमीस पाटावर पूजेला मांडलेली एक ठासणीची बंदूक पाहिली. पणजोबांपासून ती घरात आहे. कागदपत्रेही रीतसर आहेत. नळीवर तपकिरी गंज, दस्त्याला तडा, घोडा सैल. एका कारागिराने ती ‘मूळच्यासारखी’ करून देण्याचे कबूल केले होते. नळी घासून काळी करावयाची, दस्ता नवा घालावयाचा आणि आतील पीळ झिजले आहेत म्हणून नव्या पिळाची नळी आत बसवावयाची. “करून घ्यावे काय?” असे यजमानांनी विचारले. प्रश्न घरगुती खरा. परंतु त्याचे उत्तर इतिहासाकडेच मागावे लागते.

ठासणीच्या बंदुकीत तोंडाकडून दारू व गोळी घालून गजाने ठासतात. बार पेटविण्याच्या रीती मात्र पालटत गेल्या. प्रथम जळता तोडा रंजकाला लावीत. पुढे चकमकीची गार आली. एकोणिसाव्या शतकात तांब्याची स्फोटक टोपी आली. नळीच्या आत पीळ कोरले की गोळी फिरत जाते आणि नेम दूरवर साधतो. अशा बंदुकीस रायफल म्हणतात. १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल ही याच जातीची. तिच्या नळीत तीन पीळ असत आणि भोक सुमारे साडेचौदा मिलिमीटरचे असे. हिच्याच चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली हिंदी पलटणींत असंतोषाचा भडका उडाला.

यजमानांची बंदूक बाहेरून हुबेहूब एन्फिल्डसारखी दिसते. म्हणून प्रथम आम्ही एक लाकडी काठी नळीत घालून ती किती खोल जाते ते पाहिले. कारण जुन्या बंदुकीत कित्येकदा शंभर वर्षांपूर्वीचा बार तसाच ठासलेला सापडतो. नळी रिकामी होती. मग तोंडाशी भोक मोजले. ते साडेसोळा मिलिमीटरच्या आसपास भरले. आत पिळाचा मागमूस नाही, आणि अंतराप्रमाणे वरखाली होणाऱ्या मागच्या माशीच्या जागी एक साधी, न हलणारी माशी आहे.

झिजेने भोक सर्वत्र सारखे दोन मिलिमीटर वाढत नाही. ही झीज नव्हे, ही योजना आहे. १८५७ नंतर इंग्रज सरकारने हिंदी शिपायांच्या हाती लांब पल्ल्याची रायफल द्यावयाची नाही असे ठरविले आणि एन्फिल्डच्याच आकाराच्या, पण रुंद भोकाच्या, बिनपिळाच्या व स्थिर माशीच्या बंदुका त्यांना दिल्या. शिपाई आणि गोरा सोजीर शेजारी शेजारी उभे राहिले तर हत्यारे सारखीच दिसावीत. अंतर होते ते नळीच्या पोटात. राज्यकर्त्यांचा अविश्वास येथे पोलादात कोरलेला आहे. कारागीर जे पीळ ‘परत’ घालू पाहत होता ते या नळीत बहुधा कधी नव्हतेच. त्याच्या हातून दुरुस्ती झाली असती ती बंदुकीची. पुसला गेला असता तो पुरावा.

असा पुरावा आपल्याकडे विपुल नाही. १८५७ च्या निःशस्त्रीकरणाच्या कायद्याने घरोघरची हत्यारे सरकारजमा होऊ लागली. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी त्याच वर्षी हत्यारे देण्याचे नाकारले आणि त्यासाठी प्राण वेचले. पुढे १८७८ च्या कायद्याने उरल्यासुरल्या हत्यारांना परवान्याचा फास बसला. त्यातून जे वाचले, ते म्हणूनच मोलाचे.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. जे हत्यार चालत नाही ते निव्वळ लोखंड, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. याच कर्नाटकातील कोडगूकडे पाहावे. तेथील कोडवांना १८६१ साली मार्क कब्बन यांनी निःशस्त्रीकरणातून वगळले. ती सवलत स्वतंत्र भारतात चालू राहिली आणि २०१९ साली आणखी दहा वर्षांसाठी वाढविली गेली. कैलपोळ्द या सणाला घरोघरी बंदुकीची पूजा होते. तेथे बंदुकीचा वापर कधी तुटला नाही. म्हणून दस्ता मोडला तर नवा घालणे हा त्या बंदुकीच्या आयुष्याचाच भाग ठरतो. परंतु जेथे वापराचा धागा तीन पिढ्यांपूर्वीच तुटला, तेथे आजची दुरुस्ती तो धागा सांधीत नाही. सांधल्याचा भास मात्र निर्माण करते.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी अस्सल कागदासाठी गावोगाव पायपीट केली. मोडीतील एखादे अक्षर पुसट झाले म्हणून त्यावर नवी शाई गिरविणाऱ्यास त्यांनी काय म्हटले असते, हे सांगावयास नको. गिरविलेला कागद वाचावयास सोपा होतो, पण साक्षीस निरुपयोगी ठरतो.

कायद्याचा विचारही याच दिशेस नेतो. दुरुस्त करूनही जे अग्निशस्त्र म्हणून वापरता येत नाही अशा कालबाह्य वा पुराणवस्तूच्या मोलाच्या हत्याराला १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे ४५ वे कलम त्या अधिनियमातून वगळते. चालती केलेली बंदूक या सवलतीत बसत नाही. म्हणून कानसीला हात घालण्यापूर्वी परवाना अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा, हे अधिकारीवर्गास वेगळे सांगणे नको.

मात्र जतन म्हणजे हेळसांड नव्हे. नारिंगी, भुकटीसारखा गंज जिवंत असतो व तो लोखंड खात जातो. तो मऊ साधनाने हळूच काढावा. गडद तपकिरी, घट्ट थर मात्र राहू द्यावा. तारेचा ब्रश व पॉलिश वर्ज्य. कोरड्या नळीवर पुढे काढता येईल अशा मेणाचा पातळ हात द्यावा. घामातील मीठ लागू नये म्हणून हातमोजे घालावेत. घोडा उतरवून ठेवावा म्हणजे कमानीवर ताण राहत नाही. दस्त्याचा तडा आणखी वाढणार नाही एवढीच तजवीज करावी, आणि जे केले ते तारखेसह लिहून ठेवावे.

यजमानांनी कारागिरास नकार कळविला. नातवाची थोडी निराशा झाली. त्याला चकचकीत बंदूक हवी होती. आजोबांनी त्याच्या हाती मोजपट्टी दिली आणि भोक पुन्हा मोजावयास सांगितले. साडेसोळा, असे तो म्हणाला, आणि मग विचारता झाला, “पण साडेचौदा का नाही?” त्या प्रश्नासाठी ती बंदूक आहे तशीच राहिली पाहिजे.